यादीतील नववे स्थळ

प्रवासाची आखणी ही गोष्ट आमच्या वाडवडिलांना ठाऊक नव्हती. सप्टेंबर महिन्यात मोतमाउलीच्या जत्रेला वांद्र्यास जायचे, दहा वर्षांतून एकदा जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र शवाचे दर्शन घ्यायचे आणि देवाने बळ दिले तर एकदा वेलंकनीला जाऊन नवस फेडायचा, एवढाच त्यांचा प्रवास. कोठे जायचे ते ठरलेले आणि केव्हा जायचे तेही ठरलेले. शिदोरी बांधली, दाराला कडी घातली, शेजाऱ्याला वाडीच्या पाण्याकडे लक्ष ठेवायला सांगितले की आखणी संपली. आमच्या पिढीवर मात्र निराळीच वेळ आली आहे. वसईच्या आळीआळीत आज अशी घरे आहेत, ज्यांची एक खोली वर्षभर कुलूपबंद असते आणि जिच्या चाव्या कुणा मुलाच्या नावाने खिळ्याला टांगलेल्या असतात. मुले येत नाहीत, तेव्हा आईवडिलांनी जायचे; आणि जायचे म्हणजे आखणी आली.

आम्हा उभयतांपैकी एकाने तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला आणि दुसरीने तितकीच वर्षे रुग्णालयात रात्रपाळ्या केल्या. त्यामुळे नकाशाची हौस आणि वेळापत्रकाची शिस्त या दोन्ही गोष्टी आमच्या घरात भरपूर. उणीव होती ती तिसऱ्याच गोष्टीची. तिची हकिगत सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमची मुलगी जर्मनीत असते, मुलगा स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे. मुलाने तीन वर्षांपूर्वी तिकडच्याच एका मुलीशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. चर्चमध्ये नाही, धर्मगुरूंसमोर नाही, आमच्या मांडवात तर नाहीच. त्याने आम्हाला रीतसर बोलावले होते. आम्ही गेलो नाही. व्हिसा वेळेत मिळणार नाही, असे कारण आम्ही कळवले. अर्जच केला नव्हता, मग मिळण्याचा प्रश्न कोठे होता? खरे कारण आम्हाला माहीत होते आणि त्यालाही माहीत होते. परंतु त्याने ते बोलून दाखवले नाही. त्यानंतर दर रविवारी फोन येत राहिला. तिकडे किती बर्फ पडला, इकडे किती पाऊस पडला, विहिरीला पाणी किती आहे, एवढेच बोलणे होई. हवामानाविषयी इतके सविस्तर बोलणारे पितापुत्र क्वचितच असतील.

मुलीच्या बाळंतपणानिमित्त आम्ही दोन महिने जर्मनीस जाणार असे ठरले, तेव्हा तिनेच विषय काढला. “तिथून स्टॉकहोमला विमानाने दोन तास लागतात. एप्रिलच्या अखेरीस दादाला सुट्टी मिळते. जाऊन या.” मुलाने विचारले, “किती दिवस?” आम्ही लिहिले, “चार.” त्याचे उत्तर आले, “ठीक आहे.” प्रामाणिकपणे सांगायचे तर पाचव्या दिवसाची भीती आम्हालाही होती आणि त्यालाही. चार दिवस माणसे पाहुण्यांसारखी वागू शकतात. पाचव्या दिवशी ती घरच्यासारखी बोलू लागतात.

व्हिसाची चिंता या खेपेस उरली नव्हती. युरोपातील शेंगेन देशांना एकच व्हिसा चालतो आणि जेथे मुख्य मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. आमचा मुख्य मुक्काम जर्मनीत असल्यामुळे त्याच व्हिसावर स्वीडन पाहता येणार होते. ३० हजार युरोंचा प्रवास-विमा त्यासाठी आवश्यक असतो, तोही घेतलेला होता. म्हणजे तीन वर्षांपूर्वी पुढे केलेले कारण आता अगदी सहज नाहीसे झाले होते. कारणे अशी सहज नाहीशी झाली की माणसाला थोडी लाज वाटते.

मग आम्ही यादी करावयास बसलो. भूगोलाच्या माणसाला स्टॉकहोमसारखे शहर म्हणजे मेजवानीच. मेलारेन नावाचे विस्तीर्ण सरोवर जेथे बाल्टिक समुद्राला मिळते, तेथे १४ बेटांवर हे शहर वसलेले आहे. एका पुलावर उभे राहिले की एका बाजूला गोडे पाणी, दुसऱ्या बाजूला मचूळ. मध्यभागी गामला स्तान, म्हणजे जुने गाव. तेथील मोठ्या चौकात १५२० साली डेन्मार्कच्या राजाने सुमारे ८० ते १०० सरदार, नागरिक व दोन बिशप यांचा शिरच्छेद करविला. त्या रक्तपातातून जे बंड पेटले त्याचा नायक गुस्ताव वासा पुढे राजा झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत स्वीडन रोमपासून तुटले. चौकापासून जवळच जुने कॅथेड्रल आहे. आज ते लुथरन पंथीयांचे आहे. परंतु त्यातील संत जॉर्ज व अजगराचे भव्य काष्ठशिल्प १४८९ सालचे, म्हणजे तो देश कॅथलिक असतानाचे आहे. राजवाडा, वस्तुसंग्रहालये, नोबेल पारितोषिकाचे संग्रहालय, भुयारी रेल्वेची रंगवलेली स्थानके, जेमतेम ९० सेंटीमीटर रुंदीची एक पायऱ्यांची गल्ली... लिहिता लिहिता यादी २३ स्थळांपर्यंत गेली. प्रत्येकापुढे वेळ घातली. आमच्यापैकी एकीने औषधांच्या वेळाही लाल शाईने घातल्या. चार दिवस, २३ स्थळे, सकाळी सात ते रात्री नऊ. उत्तरेकडे त्या दिवसांत पहाटे पाचला उजाडते आणि रात्री साडेआठनंतरच मावळते. तेव्हा उजेड वाया का घालवायचा, असा आमचा हिशेब होता.

ती यादी आम्ही मोठ्या अभिमानाने मुलाला ई-मेलने पाठवली. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी चार ओळी आल्या. “पप्पा, मम्मी, यादी सुरेख झाली आहे. फक्त दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या २३ स्थळांत आम्ही दोघे कुठे आहोत? आणि ९व्या स्थळी आमचे लग्न झाले, हे तुम्हाला माहीत आहे का?”

आम्ही यादी पुन्हा पाहिली. ९वे स्थळ होते शहराचे नगरभवन. त्यापुढे आमच्याच अक्षरांत लिहिले होते: ‘नोबेल मेजवानीचे दालन. ४५ मिनिटे.’

आम्हाला माहीत नव्हते. त्याने लग्नाची छायाचित्रे पाठवली होती. ती आम्ही पाहिलीही होती. परंतु मुलाच्या अंगावर सूट आहे की नाही, मुलीच्या हातात फुले आहेत की नाही, एवढेच पाहून आम्ही ती बंद केली होती. त्यांच्या मागची भिंत कोणत्या इमारतीची आहे, असे तीन वर्षांत आम्ही एकदाही विचारले नव्हते. १४ बेटांची नावे पाठ करणाऱ्या भूगोलाच्या मास्तरांना स्वतःच्या मुलाचे लग्न कोठे झाले ते सांगता येत नव्हते. त्या रात्री आमच्या घरात जेवताना कोणी बोलले नाही. सकाळी आमच्यापैकी एकीने ती यादी घेतली, तिच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर दोन नावे लिहिली, मुलाचे आणि सुनेचे, आणि म्हटले, “येथून सुरुवात करू या.”

आम्ही उत्तर पाठवले: “माहीत नव्हते. विचारायला हवे होते. यादी तुम्ही करा.”

यादी सूनबाईंनी केली. इंग्रजीत, सोप्या शब्दांत, तीन नियम घालून. पहिला नियम, एका दिवशी एकच बेट. स्टॉकहोमची बेटे नकाशात जवळ दिसतात, पण पूल ओलांडणे, वारा, थांबणे यांत वेळ जातो. शिवाय मम्मींचा गुडघा आहे. (गुडघ्याचा उल्लेख आम्ही केला नव्हता, मुलाने सांगितला असणार.) दुसरा नियम, तिकीट काढून पाहायचे असे दिवसाला एकच स्थळ. तिसरा नियम, रोज दुपारी तीन वाजता ‘फीका’, आणि ती चुकवायची नाही. आमच्या भाषेत फिका म्हणजे रंग नसलेला, चव नसलेला. स्वीडिश भाषेत फीका म्हणजे काम थांबवून, खाली बसून, कुणाच्या तरी सोबतीने घेतलेली कॉफी आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड पाव. कचेरीतही लोक ती घेतात. सूनबाईंनी लिहिले होते, “त्या वेळात काहीही बघायचे नाही.” आमच्या यादीत औषधांना जागा होती, पण नुसते बसण्याला नव्हती.

तिच्या आखणीत आणखीही काही सूचना होत्या. आपल्यापैकी अनेक कुटुंबांना आज ना उद्या अशा प्रवासाचा योग यायचा आहे, म्हणून त्या येथे नोंदवतो. एप्रिलच्या अखेरीस तेथे दुपारचे तापमान १० अंशांच्या आसपास असते आणि रात्री शून्याच्या जवळ उतरते. ‘वसंत ऋतू’ या शब्दावर विसंबून राहू नये. एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, शिवाय कानटोपी आणि वारा अडवणारे जाकीट हवेच. रोख रक्कम जवळजवळ निरुपयोगी. अनेक दुकाने व उपाहारगृहे नाणी-नोटा स्वीकारतच नाहीत, तेव्हा परदेशात चालणारे कार्ड निघण्यापूर्वी तपासून घ्यावे. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे, बाटल्या विकत घेऊ नयेत. कामाच्या दिवशी दुपारी उपाहारगृहांत ‘आजचे जेवण’ मिळते. त्यात सलाड, पाव व कॉफी बहुधा धरलेली असते आणि तेच संध्याकाळी घेतले तर खिसा रिकामा होतो. भुयारी रेल्वे, बस आणि यूरगोर्डेन बेटाला जाणारी बोट यांना एकच तिकीट चालते. ते ७२ तासांचेही मिळते आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांना सवलत आहे. आम्हाला वृद्धत्वाचा असा रोकड फायदा प्रथमच झाला.

आणि रविवार? आम्ही त्याविषयी काही विचारले नव्हते. विचारण्याचे धैर्य नव्हते म्हणा. परंतु तिच्या आखणीत स्वच्छ लिहिलेले होते: ‘रविवार: पप्पा-मम्मी, संत युजेनिया चर्च, इंग्रजी मिस्सा. चर्च राजोद्यानाला लागून आहे. आम्ही दोघे उद्यानात चेरीच्या झाडांखाली थांबू.’ हे वाक्य आम्ही अनेकदा वाचले. त्यात आमच्यासाठी जागा केलेली होती आणि त्यांच्या मताचीही जागा राखलेली होती. दोन्ही गोष्टी एका ओळीत मावतात, हे आम्हाला शिकायचे होते.

शनिवारी दुपारी आम्ही उतरलो. विमानतळ शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. मुलगा एकटाच घ्यायला आला होता. तो थोडा जाड झाला होता आणि आपल्या आजोबांसारखा दिसू लागला होता. त्या संध्याकाळी जुन्या गावातून फेरफटका एवढेच आखणीत होते. ९० सेंटीमीटरची गल्ली गुडघ्यामुळे वरूनच पाहिली.

रविवारी आम्ही राजोद्यानात गेलो. १९९८ साली तेथे चेरीच्या ६३ झाडांच्या रांगा लावल्या गेल्या आणि वसंतात त्या गुलाबी होतात. आम्ही पोहोचलो तेव्हा काही फांद्या फुलल्या होत्या, काहींवर अजून कळ्याच होत्या. निसर्ग आखणी वाचत नाही. झाडांखाली शेकडो माणसे केवळ फुले बघायला आली होती. सहा महिन्यांच्या अंधारानंतर माणसे उन्हाकडे कशी तोंड करून बसतात, ते तेथे पाहावे.

संत युजेनियाचे चर्च रस्त्यावरून चर्च वाटतच नाही. इतर इमारतींच्या ओळीत ते उभे आहे. आजची वास्तू १९८२ सालची, परंतु धर्मग्राम जुना. धर्मक्रांतीनंतर स्वीडनमध्ये उभे राहिलेले पहिले कॅथलिक चर्च म्हणजे याच धर्मग्रामाचे १८३७ सालचे चर्च. येशूसंघीय धर्मगुरू तेथे सेवा करतात. आत आमच्या शेजारी फिलिपिनी, आफ्रिकी, पोलिश, भारतीय अशी सारी दुनिया बसली होती. आम्ही बाकावर बसलो आणि काही वेळाने सूनबाई आत आल्या. बाहेर वारा फार आहे, असे त्यांनी हळूच सांगितले आणि आमच्यापैकी एकीच्या शेजारी बसल्या. मुलगा बाहेरच राहिला. मिस्सा संपल्यावर तो झाडाखाली उभा होता, हात खिशात, नाक लाल. तू का आला नाहीस, असे आम्ही विचारले नाही. तीन वर्षांपूर्वी विचारले असते. आम्ही म्हटले, “थंडी वाजली असेल. चल, फीका घेऊ.” तो हसला. त्या हसण्यात काय होते ते आम्ही ठरवून टाकू इच्छित नाही.

सोमवारी सकाळी आम्ही नववे स्थळ पाहिले. नगरभवन सरोवराच्या काठावर आहे. वास्तुशिल्पी राग्नार ऑस्टबेर्ग यांनी ते सुमारे ८० लाख विटांनी बांधले; १९२३ साली, गुस्ताव वासाच्या नगरप्रवेशाला ४०० वर्षे झाली तेव्हा त्याचे उद्घाटन झाले. मनोरा १०६ मीटर उंच असून त्याच्या टोकावर तीन सोनेरी मुकुट आहेत. आत मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते. ज्या दालनात १० डिसेंबरला नोबेल मेजवानी होते, त्याला ‘निळे दालन’ म्हणतात; परंतु ते निळे नाही. ऑस्टबेर्ग त्याला निळा गिलावा देणार होते. भिंती उभ्या राहिल्यावर लाल विटांचे रूप त्यांना इतके आवडले की त्यांनी बेत बदलला. नाव मात्र तसेच राहिले. वरच्या मजल्यावर सोनेरी दालन आहे, त्याच्या भिंतींवर १ कोटी ८० लाखांहून अधिक चकाकते तुकडे जडवलेले आहेत. लोक तेथे माना वर करून उभे राहतात. आम्हीही राहिलो.

पुढे एक लंबगोल खोली लागते. जुनी विणलेली चित्रे भिंतीवर आहेत. मार्गदर्शक म्हणाली, “येथे विवाह होतात. विधी अगदी छोटा असतो. काही मिनिटांचा.” मंडळी हसली आणि पुढे गेली. आम्ही चौघे मागे राहिलो. मुलगा म्हणाला, “मी इथे उभा होतो. ती तिथे. तिचे आईवडील त्या बाजूला.” मग त्याने दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवले नाही. गरज नव्हती. आम्ही दोघे आपण होऊन त्या रिकाम्या बाजूला जाऊन उभे राहिलो. कोणी काही बोलले नाही. आमच्यापैकी एकीने सुनेच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, जशी आपल्याकडे मुले परीक्षेला निघताना करतात. पाठीमागून दुसरा जथा आला आणि आम्हाला पुढे सरकावे लागले. सारे मिळून दोन मिनिटेही झाली नसतील.

आमच्या श्रद्धेत काही फरक पडला का, असे कोणी विचारील. नाही. विवाह हे संस्कार आहे, ते वेदीसमोर व्हावे, असे आम्हाला आजही वाटते आणि त्यासाठी आम्ही प्रार्थनाही करतो. परंतु मत न पटणे आणि पाठ फिरवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आम्ही पहिलीच्या नावाखाली दुसरी केली होती.

त्याच दिवशी दुपारी आम्ही संत एरिकचे कॅथलिक कॅथेड्रल पाहिले. आमच्या वसई धर्मप्रांताची स्थापना १९९८ साली झाली; त्याच वर्षी आंदेर्स आर्बोरेलियस हे कार्मेल संघाचे धर्मगुरू स्टॉकहोमचे बिशप झाले. धर्मक्रांतीनंतर त्या पदावर आलेले ते पहिले स्वीडिश वंशाचे बिशप. तरुणपणी, वयाच्या विशीत, त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केले. याच देशात १८५८ साली सहा स्त्रियांना कॅथलिक झाल्याबद्दल हद्दपारीची शिक्षा झाली होती. तो कायदा १८६० साली सैल झाला आणि संपूर्ण धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९५१ साली आला. एके काळी राज्याने माणसांना एका श्रद्धेत कोंडून ठेवले, आणि आज त्याच देशातील पुष्कळ लोकांना कोणत्याच देवळाची आठवण होत नाही. सक्तीने धरलेली माणसे मूठ सैल होताच निघून जातात. त्या शांत चर्चमध्ये हा विचार आमच्या मनात राज्यांविषयी आला होता. नंतर तो घराविषयीही आला.

शेवटचा दिवस मंगळवार, ३० एप्रिल. त्या दिवशी यूरगोर्डेन बेट. सकाळी वासा नावाचे जहाज पाहिले. (वसईच्या माणसांनी वासा पाहिले, या विनोदावर मुलगा लहानपणीसारखा हसला.) राजा दुसरा गुस्ताव अडोल्फ याने पोलंडशी चाललेल्या युद्धासाठी ते बांधून घेतले. ६४ तोफा, दोन मजले तोफांचे, सर्वांगावर कोरीव काम. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते पहिल्याच सफरीवर निघाले आणि सुमारे १,३०० मीटर जाऊन, वाऱ्याच्या एका झोताने कलंडून, बंदरातच बुडाले. सुमारे ३० जण दगावले. निघण्यापूर्वी ३० माणसांना डेकवर इकडून तिकडे धावायला लावून परीक्षा घेतली होती. जहाज इतके डोलू लागले की परीक्षाच थांबवावी लागली. तरीही राजाची घाई होती म्हणून ते सोडले. वरचा भार जास्त, तळ अरुंद. आमच्या पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळी बांधवाला दाखवले असते तर त्याने काठावरूनच मान हलवली असती. चौकशी झाली, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारी कीड जगत नाही, म्हणून ३३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६१ रोजी, जहाज जवळजवळ अखंड वर आले. त्यासमोर उभे असताना आमच्यापैकी एकाने खिशातून पहिली, २३ स्थळांची यादी काढली आणि मुलाला दाखवली. “६४ तोफा,” तो म्हणाला.

संध्याकाळी त्याच बेटावरील स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात गेलो. १८९१ साली आर्तुर हाझेलियस यांनी ते स्थापिले. देशभरातील जुनी घरे उचलून तेथे आणून उभी केली आहेत. ३० एप्रिलच्या रात्री स्वीडनभर मोठमोठ्या आगट्या पेटवतात, वसंताची गाणी गातात. आपल्या होळीचीच आठवण यावी. या रात्रीला ते ‘वालबोर्ग’ म्हणतात. हे नाव कोणाचे, असे आम्ही सुनेला विचारले, तर तिला ते सणाचेच नाव वाटत होते. ते आहे संत वालबुर्गा हिचे. आठव्या शतकात इंग्लंडहून जर्मनीत सुवार्तेसाठी गेलेली ही मठाध्यक्षा. सारे शहर एका संतिणीच्या नावाने आगीभोवती जमते आणि बहुतेकांना ती कोण हे ठाऊक नसते. आम्ही सांगितले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “म्हणजे ही तुमचीही रात्र आहे.” गायकवृंद गात होता, ठिणग्या वर जात होत्या. मुलाने न बोलता आपले जाकीट काढून आमच्यापैकी एकीच्या खांद्यावर टाकले.

बुधवारी, १ मे रोजी, श्रमिक संत जोसेफच्या सणादिवशी, सकाळच्या विमानाने आम्ही परतलो. निरोप घेताना मुलगा म्हणाला, “पुढल्या वेळी पाच दिवस या.” त्या एका दिवसाचे मोल किती, हे आम्हा चौघांखेरीज कोणाला कळणार?

येत्या डिसेंबरात ती दोघे आठ दिवसांसाठी वसईला येणार आहेत. कुलूपबंद खोली उघडून चुना काढून झाला आहे. कुठे न्यायचे, काय दाखवायचे, किल्ला, निर्मळ, समुद्र, आमच्या नातलगांची घरे, सारे मनात घोळते आहे. परंतु या खेपेस आम्ही यादी केलेली नाही. आम्ही सुनेला एक पत्र लिहिले आहे, त्यात एकच प्रश्न आहे: “तुम्हाला काय आवडेल?” उत्तर अजून यायचे आहे. दुपारी तीनची वेळ मात्र आम्ही मोकळी ठेवली आहे.